सौर वादळाची रील फिरतेय, कासवरून ध्रुवीय प्रकाश दिसेल का? नाहीतर आपल्याकडून नक्की काय बघावं?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. कालपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक रील फिरतेय, सूर्यावर मोठा स्फोट झालाय, केपी ८ जाणार, शनिवारी रात्री ११ नंतर महाराष्ट्रातूनसुद्धा ध्रुवीय प्रकाश दिसणार, आणि खाली हिरव्या-गुलाबी आकाशाचा फोटो टाकून त्यावर चक्क "कास पठार, सातारा" लिहिलंय. माझी मुलगी आठवीत आहे, तिला आकाशाचं भयंकर वेड, ती हट्टालाच पेटलीय की आई शनिवारी जायचंच. जायला माझी ना नाही, गाडी आहे, पण एवढ्या लांब नेऊन काहीच दिसलं नाही तर पोरीचा हिरमोड होईल, म्हणून आधी इथं विचारतेय.

हे केपी वगैरे काय प्रकरण असतं आणि असले इशारे कितपत खरे मानायचे? दुसरं म्हणजे त्याच ग्रुपवर "आज रात्री १२.३० ते ३.३० मोबाईल बंद ठेवा, कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार आहेत" असंही आलंय आणि सासूबाईंनी खरंच फोन बंद करून कपाटात ठेवला. आणि तिसरं, मागच्या आठवड्यात संध्याकाळी गच्चीवरून एका ओळीत सरकत जाणारे वीस-पंचवीस ठिपके दिसले, आवाज नाही काही नाही, पूर्वेला जाऊन एकेक करत विझले. त्याचाही ह्या वादळाशी संबंध आहे का? जाणकारांनी जरा सोपं करून सांगा, मुलीलाही वाचून दाखवणार आहे.

मृगशीर्ष_सातारा

ताई, आधी सरळ उत्तर देतो: ध्रुवीय प्रकाशासाठी कासला येऊ नका. आत्ता परतीचा पाऊस आहे, वर धुकं असतं, रस्त्यावर गवे येतात, आणि मुख्य म्हणजे तो दिसणार नाही. आता का ते सांगतो, थोडं लांबेल.

सूर्यावर स्फोट झाला की दोन वेगवेगळ्या गोष्टी सुटतात आणि रीलवाले दोन्ही एकातच कालवतात. पहिली सौरज्वाला, म्हणजे फ्लेअर. तिचा प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर येतात, आणि परिणाम होतो तो जिथं त्या वेळी दिवस आहे त्याच बाजूला. दुसरी सीएमई, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातला तापलेला, विद्युतभारित कणांचा प्रचंड ढग, तो स्वतःचं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन निघतो आणि त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. ध्रुवीय प्रकाश होतो तो ह्या दुसऱ्यामुळं. तो ढग पृथ्वीच्या दिशेनं सुटलेला पाहिजे ही झाली एक अट, आणि दुसरी अट बहुतेक लोक विसरतात ती अशी की पोचल्यावर त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडं असली पाहिजे. अ‍ॅपमध्ये बीझेड म्हणून जो आकडा दिसतो तो हाच, तो बराच वेळ चांगला उणे राहिला तर वादळ जोर धरतं, अधिक असेल तर एवढा मोठा ढग येऊनही फारसं काही घडत नाही.

आणि ही दिशा आधी नीट कळत नाही. ढग पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूवरून जातो तेव्हा तिथल्या यानांना ती मोजता येते, आपलं आदित्य एल-१ पण तिथंच आहे, २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ ला पोचलं. तिथून पृथ्वीपर्यंत यायला ढगाला अर्धा ते एक तास. म्हणजे खात्रीचा इशारा मिळतो तो एवढाच आधी. त्यामुळं दोन दिवस आधी कुणी "शनिवारी ११ नंतर दिसणारच" असं घड्याळ लावून सांगत असेल तर तिथंच थांबायचं, पुढं वाचायची गरज नाही.

केपी म्हणजे जगभरातल्या ठरावीक चुंबकीय केंद्रांच्या नोंदींवरून दर तीन तासांचा काढलेला आकडा, ० ते ९. केपी ५ ला जी१ वादळ म्हणतात, ८ ला जी४, ९ ला जी५. तो अख्ख्या पृथ्वीचा आकडा आहे, आपल्या गावाचा नाही. केपी ८ झाला म्हणजे प्रकाशाचं कडं ध्रुवाकडून बरंच खाली सरकतं, युरोप-अमेरिकेतल्या लोकांना त्याचा उपयोग आहे. सातारा १७.७ अंश उत्तरेला, आणि चुंबकीय अक्षांश धरला तर आपण त्याहून खाली, दहाच्या आसपास.

आता हानलेचं उदाहरण घ्या म्हणजे चित्र स्पष्ट होईल. १० मे २०२४ च्या रात्री जी५ वादळ आलं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलंच जी५. लडाखमधल्या हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर, देशातल्या सगळ्यात काळ्याकुट्ट आकाशाखाली, वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत उत्तर क्षितिजालगत लाल झाक आली. फक्त लाल. कारण हिरवा प्रकाश १००-१५० किलोमीटर उंचीवर तयार होतो आणि लाल त्याच्या कितीतरी वर, २०० ते ४०० किलोमीटरवर, दोन्ही ऑक्सिजनचेच. लांबून बघणाऱ्याला पृथ्वीच्या वक्रतेमुळं खालचा हिरवा भाग क्षितिजाखाली जातो, वरचा लाल तेवढा डोकावतो. ४०० किलोमीटर उंचीवरचा प्रकाश अगदी क्षितिजाला टेकलेला का होईना, फार तर २२०० किलोमीटरवरून दिसतो, असं गणित आहे. हानलेला तो खालीच होता आणि सातारा हानलेपासून आणखी साडेसतराशे किलोमीटर दक्षिणेला. म्हणून मुलीला एक पक्की खूण सांगा: महाराष्ट्राच्या नावावर हिरवा ध्रुवीय प्रकाश दाखवलेला फोटो आला की तो खोटा.

ठिपक्यांचं आणि कॉस्मिक किरणांचं नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत.

शॉर्टवेव्ह_मिरज

मृगशीर्ष भाऊंनी छान मांडलंय, फक्त एका जागी भर घालतो. आपल्या पट्ट्यात कधीच नाही असं मात्र म्हणू नका. ४ फेब्रुवारी १८७२ ला जे वादळ झालं त्या वेळी मुंबईतसुद्धा आकाशात ध्रुवीय प्रकाश अंधुक दिसल्याची बातमी टाइम्स ऑफ इंडियात छापून आली होती, आणि तारायंत्रांच्या लाईनीही बिघडल्या होत्या. दीडशे वर्षांपूर्वीची एकुलती एक बातमी म्हणा हवं तर, पण अभ्यासक ती आजही विचारात घेतात. तशा तोडीचं वादळ परत आलं तर ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवरून कळायची नाही, त्याआधी बरंच काय काय बंद पडलेलं असेल.

आणि ह्या विषयात आपल्या महाराष्ट्राचा मान फार मोठा आहे, पोरीला हे आवर्जून सांगा ताई. १ आणि २ सप्टेंबर १८५९ चं कॅरिंग्टन वादळ हे नोंद झालेल्यांपैकी सगळ्यात मोठ्या वादळांत धरतात, आणि त्या वेळची कमी अक्षांशावरची सगळ्यात मोलाची नोंद आहे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची. चुंबकीय क्षेत्र तिथं सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं होतं. २०२४ च्या मे मधल्या वादळाचा असाच जागतिक आकडा ४०० च्या आसपास होता, त्यावरून अंदाज करा. माणसं तेव्हा ठरावीक वेळानं यंत्राजवळ जाऊन हातानं आकडे लिहीत, वादळ चालू झाल्यावर तर आणखी भराभर लिहिले, आणि त्या वह्या जपून ठेवल्या म्हणून आज जगभरचे लोक ते वापरतात. पुढं मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापात गडबड नको म्हणून हे काम अलिबागला हलवलं, १९०४ पासून तिथं चालू आहे. कोकणात सहलीला जातो तेव्हा किनारा आणि किल्ला बघून येतो आपण, ह्या वेधशाळेचं नाव पण कुणी काढत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझा छंद हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, त्यामुळं सूर्याचा मूड मला रोज कळतो. भर दुपारी १४ मेगाहर्ट्झवर लांबलांबचे आवाज छान येत असतात आणि एकदम सगळं बसतं, नुसती खरखरही नाही, आवाजच गिळून टाकल्यासारखा, मग बघावं तर एक्स, म्हणजे सगळ्यात जोरदार वर्गाची फ्लेअर झालेली असते. क्ष-किरणांमुळं आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर दाट होतो आणि शॉर्टवेव्ह शोषून घेतो. काही मिनिटांपासून तासभर किंवा जास्त, मग हळूहळू उघडतं. रात्री हे होत नाही. म्हणजे रात्री एक वाजता फ्लेअर झाली आणि त्यामुळं साताऱ्यात अमुक होणार असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, बाबा सूर्य कुठल्या बाजूला होता तेव्हा?

रोव्हरवाला_विटा

मी जमीन मोजणीच्या कामात आहे, रोव्हर (जीपीएसवर चालणारं मोजणीचं यंत्र) घेऊन फिरतो, अलीकडं ऊस आणि द्राक्षावर फवारणीच्या ड्रोनवाल्यांचंही काम बघतो. आकाशात काय दिसत नसलं तरी हे अवकाशातलं हवामान आम्हाला लै त्रास देतं, आणि त्याला वादळच लागतं असं न्हाय.

ऑक्टोबरात नाहीतर मार्च-एप्रिलात दिवस बुडल्यावर काम लांबलं की बघा, साडेसात-आठपर्यंत झकास फिक्स (पक्की जागा) असतं, सेंटिमीटरात उत्तर येतं, आणि मग अचानक फ्लोट, म्हणजे जागा पक्की धरतच न्हाय. खांब तिथंच, माणूस तिथंच, झाड न्हाय इमारत न्हाय, आभाळ स्वच्छ, उपग्रह पण भरपूर दिसतायत, तरी आकडा दोन-दोन फूट इकडं तिकडं नाचतो. सुरुवातीला पोरं बॅटरी बदलायची, कंपनीला फोन लावायची. कारण असं की आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, ते केरळ-तामिळनाडूच्या टोकावरून जातं, रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा म्हणूनच निवडलं होतं, १९६३ ला तिथनं पहिलं रॉकेट सुटलं. सूर्य मावळल्यावर आयनांबराच्या खालच्या बाजूनं पातळ भागाचे बुडबुडे वर चढतात, त्यातून जीपीएसचा सिग्नल येताना थरथरतो. मध्यरात्रीपर्यंत जोर असतो, मग निवळतं. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत जास्त. आता आम्ही ह्या महिन्यांत संध्याकाळनंतर हद्दीची खूण रोवतच न्हाय, सकाळी परत येतो. शेजाऱ्या-शेजाऱ्यात बांधावरनं डोकी फुटतात हो, दोन फुटाचा फरक म्हणजे काय चेष्टा न्हाय. ड्रोनवाल्यांनी पण तारांजवळ, विहिरीजवळ ह्या वेळेत उडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मृगशीर्ष_सातारा

रोव्हरवाले दादा, एकदम मुद्द्याचं लिहिलंत, हे वर्तमानपत्रात कुठंच येत नाही. त्याला जोडून एक. पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, अलिबागची वेधशाळाही त्यांच्याकडंच, तर त्यांनी आपल्या शेजारी पन्हाळ्यावर अख्खं आकाश टिपणारा कॅमेरा लावून ह्याच बुडबुड्यांचे फोटो घेतले आहेत. चंद्र नसलेल्या स्वच्छ रात्री ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात बुडबुडे काळे पट्टे होऊन पूर्वेकडं सरकताना दिसतात. आणि हा ६३० म्हणजे हानलेच्या लाल ध्रुवीय प्रकाशाचाच रंग बरं का, तोच ऑक्सिजन. आपल्या डोक्यावर तो रोज रात्री असतो, फक्त इतका मंद की डोळ्याला दिसत नाही.

आता ताईंचे राहिलेले प्रश्न. ओळीतले ठिपके म्हणजे स्टारलिंकचे, इंटरनेट पुरवणारे उपग्रह, नुकतेच सोडले की काही दिवस एका रांगेत असतात. विझले कारण ते पृथ्वीच्या सावलीत गेले. वादळाशी संबंध नाही. एकटाच, न लुकलुकणारा, ठळक ठिपका चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडून गेला तर ते बहुतेक आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. उल्का सेकंदभरात संपते. आणि सावकाश, तुकडे पडत, शेपूट काढत अर्धा-एक मिनिट जाणारं काही दिसलं तर ते रॉकेटचा भाग जळत येत असतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी हेच बघितलं, चिनी रॉकेटचा भाग होता, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात त्याची मोठी धातूची कडी येऊन पडली. असं काही पडलेलं सापडलं तर हात लावायचा नाही, तलाठ्याला नाहीतर पोलिसांना कळवायचं.

मोबाईल बंद ठेवायचा मेसेज बरीच वर्षं फिरतोय, वेळ सुद्धा तीच असते. कॉस्मिक किरणं ठरावीक तीन तास येत नाहीत, ती कायमच येत असतात आणि वातावरण आपल्याला वाचवतं. वरच्या हवेत त्यांच्यापासून म्यूऑन नावाचे कण बनतात, ते दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक ह्या हिशोबानं खाली पोचतात, म्हणजे हे वाचताना तुमच्या तळहातातून शंभरेक आरपार गेले असतील. फोन कपाटात असला तरी आणि हातात असला तरी. सासूबाईंना प्रेमानं सांगा, फोन चालू करू दे, रात्रीबेरात्री कुणाला गरज लागली तर फोन लागायला हवा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगत नाही हो. मुलीला कुलाब्याच्या वह्यांचं वाचून दाखवलं तर आता कास सोडून अलिबागचा हट्ट सुरू झालाय. पण तिचा एक प्रश्न राहिलाच, "मग आपल्याकडं स्पेशल असं काहीच दिसत नाही का, सगळं लडाखवाल्यांनाच?" ह्याला काय सांगू? आणि कुठं नेऊ तेही सांगा, तिला गच्चीवरून मोजके तारे दिसतात.

माणदेशी

तिला सांगा, लडाखवाल्यांना न दिसणारं आपल्याला दिसतं. आपण खाली आहोत म्हणून ध्रुवीय प्रकाश गेला, पण त्याच कारणानं दक्षिणेचं आकाश आपल्याला मिळालं. त्रिशंकू हा क्रूसासारखा तारकासमूह आपल्याकडून एप्रिल-मे मध्ये रात्री दहाच्या आसपास दक्षिणेला क्षितिजावर बारा अंश वर अख्खा उभा असतो, हानलेहून तो पूर्ण उगवतच नाही. अगस्ती हा ठळक तारा हिवाळ्यात आपल्याकडं जवळपास वीस अंश चढतो, म्हणजे उत्तरेला ध्रुवतारा जेवढा वर साधारण तेवढाच दक्षिणेला अगस्ती, एका जागी उभं राहून मान वळवली की दोन्ही. हात लांब करून मूठ धरली की ती दहा अंश भरते, पोरीला मुठीनं मोजायला लावा, साताऱ्यातून ध्रुव पावणेदोन मुठी, सांगलीतून थोडा कमी. मे महिन्यात चांगल्या अंधारात नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा तारागुच्छ नुसत्या डोळ्यांनी धुरकट गोळ्यासारखा दिसतो, साधी दुर्बीण असेल तर विचारूच नका. मी स्वतः ह्याच्यासाठी उन्हाळ्याची वाट बघतो.

जागेचं म्हणाल तर सगळे कास-महाबळेश्वरच्या मागं लागतात, माझं मत उलटं आहे, पूर्वेला या. पश्चिमेला पाऊस आणि दमट हवा, आणि कास पठारावर वनखात्याचे नियम आहेत, रात्री मनानं जाऊन उतरायचं नाही. आमच्या माण-खटावला, आटपाडी, जत, कवठेमहांकाळला पाऊस कमी, हवा कोरडी, ज्या दुष्काळानं आम्हाला रडवलं त्यानं आभाळ तेवढं स्वच्छ ठेवलं. सांगलीहून तुम्हाला जवळ म्हणजे मिरजेच्या पूर्वेला दंडोबाचा डोंगर, पण तिथं मिरजेचा उजेड पश्चिमेला येतो, जमलं तर जतच्या बाजूला ओळखीच्या माणसाच्या रानात जा, एकट्यानं आडरानात नको. कृष्णाकाठी डिसेंबरात पहाटे धुकं, शिवाय कारखाने चालू झाले की धूर आणि पाचट जाळलेली, त्यामुळं नदीपासून लांब.

आणि तारीख धरा १३ डिसेंबरची रात्र, मिथुन राशीतला उल्कावर्षाव. पर्सिड्स ह्या दुसऱ्या उल्कावर्षावाचं नाव जास्त होतं पण ते १२-१३ ऑगस्टला, आपल्याकडं ऐन पावसाळ्यात, ते सोडून द्या. मिथुनचा खरा आपला. मिथुनातले पुनर्वसूचे दोन तारे आठच्या सुमारास ईशान्येला उगवतात, दोन-अडीचला डोक्यावर येतात, जसजशी रात्र चढेल तसतशा उल्का वाढतात. पेपरात तासाला १२०-१५० छापतात ते आदर्श आकाशाचं, अर्ध्या मिळाल्या तरी पोरगी खूश होईल. ह्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरनं येतात, सिंह राशीतल्या ७१ नं, त्यामुळं ह्या जरा सावकाश आणि बघायला सोप्या. बाकीचे वर्षाव बहुतेक धूमकेतूंच्या धुळीचे, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. दुर्बीण लागत नाही, चटई, गोधडी, कानटोपी, आणि अर्धा तास मोबाईल बघायचा नाही कारण डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. चंद्राचं अ‍ॅप नको, कालनिर्णयात तिथी बघा, शुक्ल पक्षाच्या पहिल्या आठवड्यात चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळतो, वद्य अष्टमीनंतर मध्यरात्रीनंतर उगवतो. २०२६ ला अमावस्या ९ डिसेंबरच्या सुमाराची, म्हणजे १३ ला दहाच्या आसपास चंद्र जाईल आणि पुढची रात्र मोकळी.

शॉर्टवेव्ह_मिरज

माणदेशींना +१. सौर वादळ बघायचंच असेल तर दिवसा बघा म्हणतो मी. आयएसओ १२३१२-२ छापलेला ग्रहणचष्मा घेऊन सूर्यावरचे मोठे डाग नुसते बघता येतात, मे २०२४ चं वादळ ज्या डागांच्या गटानं दिलं तो पृथ्वीच्या पंधरापट रुंद होता आणि चष्म्यातून सहज दिसत होता. दुर्बिणीला चष्मा लावून अजिबात बघायचं नाही, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच हेही नाही, डोळा जातो आणि दुखतही नाही म्हणून कळत नाही. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्राचा कळस २०२४ च्या सुमारास होऊन गेला पण उतरत्या काळातही मोठे डाग येतात, २००३ ची वादळं तशीच होती. चष्मा जपून ठेवा, २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण आहे, ढगांनी फट दिली तर उपयोगी पडेल.

कृष्णाकाठची

शनिवार रद्द, १३ डिसेंबर पक्का. जतला माझी मावसबहीण असते, तिच्या मळ्यातच जाऊ. ग्रहणचष्मा काचेला ओरखडे पडले असतील तर चालतो का? २०१९ च्या ग्रहणाचा एक घरात आहे.

मृगशीर्ष_सातारा

नाही ताई, ओरखडा, भोक, दुमडल्याची रेघ काहीही असेल तर टाकून द्या. चांगल्या चष्म्यातून सूर्य सोडून काहीच दिसत नाही, घरातला दिवासुद्धा नाही, दिसला तर तो वापरायचा नाही. नवीन घ्या, आणि एक मावसबहिणीसाठी पण.